वेचणीच्या दिवसांत छातीत पुन्हा पुन्हा गाठ होते? आधी हे तपासा

संध्याकाळी वावरातून घरी यावं तर एका बाजूची छाती दगडासारखी. काखेकडच्या अंगाला सुपारीएवढी गाठ, तिला हात लावू देत नाही, रात्री अंगात कणकण. दोन दिवसांत उतरते, बरं वाटतं, आणि आठवडा जात नाही तोच पुन्हा तेच. अंगावर पाजणाऱ्या ज्या बाया वेचणीला, निंदणाला, सोयाबीनच्या कापणीला जातात, त्यांच्यातल्या कितीतरी जणी हे मुकाट्यानं सोसतात. मीही एक अख्खा हंगाम सोसलं.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यात. मुलगा पोळ्याच्या आठवड्यात झाला. दिवाळी झाली, कापूस फुटला, आणि तीन महिन्यांचं लेकरू सासूबाईंजवळ ठेवून मी वेचणीला जाऊ लागले. सकाळी नऊला निघायचं, संध्याकाळी साडेपाचला परत. दिवाळी ते संक्रांत एवढ्यात चारदा गाठ झाली, त्यात दोनदा ताप चढला. दर वेळी मी गाठीवर इलाज केला. ती का होते ते पाहिलं नाही, म्हणून ती येत राहिली.

गाठीत काय असतं

मला वाटायचं की आत दूध गोठून बुच बसतं आणि ते दाबून, चोळून फोडायचं असतं. घरात सगळ्यांनाच तसं वाटायचं. सासूबाई गरम तव्यावर फडकं तापवून शेकायच्या, मग तेल लावून अंगठ्यानं गाठ रगडायच्या. डोळ्यांतून पाणी यायचं, पण मोकळं होईल या आशेनं मी दात आवळून बसायची. दुसऱ्या दिवशी सूज वाढलेली असायची.

पूर्वी डॉक्टरही साधारण असंच सांगत: गरम शेक, जोरात मालिश, छाती पूर्ण रिकामी करा. अलीकडे सल्ला बदलला आहे. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं 2022 मध्ये नवी मार्गदर्शक सूचना काढली. तिच्यात सांगितलं आहे की अशा गाठीत बुचापेक्षा आजूबाजूच्या सुजेचा भाग मोठा असतो. दूध साचलं की आतला भाग सुजतो, सुजेनं दुधाच्या बारीक नळ्या बाहेरून दाबल्या जातात, म्हणून दूध आणखी अडतं. अशा जागी रगडलं तर सूज वाढणारच. म्हणून आता सांगतात की गार शेक द्या, हात हलका ठेवा, आणि गाठ आहे म्हणून मुद्दाम जास्तीचं दूध काढत बसू नका.

हे मला उपकेंद्रातल्या सिस्टरनं समजावलं तेव्हा चौथी गाठ चालू होती. पहिल्या गाठीलाच कळलं असतं तर किती रात्री वाचल्या असत्या.

कारण कुठे दडलं आहे

पहिलं कारण उघड आहे, दोन पाजण्यांमधला मोठा खंड. तीन महिन्यांचं बाळ दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पितं. नऊ ते साडेपाच म्हणजे साडेआठ तास, म्हणजे तीन वेळचं दूध आत साचतं. छाती भरलेली राहिली की शरीर समजतं, एवढं दूध लागत नाही, आणि पुढे कमी बनवू लागतं. म्हणून वेचणी लागली की एकीकडे गाठी होतात आणि दुसरीकडे ‘दूध आटलं’ असं वाटतं. दोन्हींचं मूळ एकच आहे.

दुसरं कारण माझ्या घरात होतं आणि ते सापडायला सगळ्यात उशीर लागला. मी घरी आले की लेकरू माझ्याकडे झेपावायचं, छातीतून आपोआप धार लागायची, आणि सासूबाई म्हणायच्या, “थांब वं जराशी. उन्हातून आली ना तू? उन्हाचं दूध पाजू नको लेकराले, पोट बिघडते त्याचं. पह्यले पिळून फेक, आंग थंडं होऊ दे.” मग मी हातपाय धुवायची, चहा मांडायची, गुरांचं पाहायची. तासभर जायचा. तोवर बाळ रडून थकून झोपायचं किंवा त्याला वाटीतलं पाणी पाजलेलं असायचं. म्हणजे ज्या घडीला छाती सगळ्यात जास्त भरलेली, नेमकं त्याच घडीला पाजणं थांबायचं.

आईच्या अंगात दूध तापत नाही आणि नासतही नाही. ती कितीही उन्हात राबून आली तरी दूध शरीराच्या उष्णतेचंच असतं. हात धुवा, छाती ओल्या फडक्यानं पुसा, दोन घोट पाणी प्या आणि लगेच पदराखाली घ्या. सहा महिन्यांपर्यंत बाळाला पाण्याचीही गरज नसते, उन्हाळ्यातसुद्धा नाही, कारण अंगावरच्या दुधात भरपूर पाणी असतं. सासूबाईंना हे मी सांगून पटलं नाही. आशाताई घरी आल्या आणि त्यांनी सांगितलं, तेव्हा पटलं. म्हातारी माणसं आपल्या लेकराच्या काळजीपोटीच म्हणतात, म्हणून वाद घालू नका, सांगणारं माणूस बदला. प्रसूती दवाखान्यात झाली तरी आशाताईंनी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी यायचं असतं, आणि तिसऱ्या महिन्यापासून पुन्हा भेटी असतात. ती तिसऱ्या महिन्याची भेट सासू घरी असेल तेव्हाच ठरवून घ्या.

तिसरं कारण बाहेरून पडणारा दाब. बाळंतपणाआधीचं ब्लाऊज, आत घट्ट ब्रा, आणि त्यावर कापसाची ओटी. मी ओटीचं एक टोक डाव्या खांद्यावरून घेऊन बांधायची. ओटीत पाच-सहा किलो कापूस भरला की ते फडकं छातीवरून काचायचं. माझ्या चारपैकी तीन गाठी डावीकडेच, त्या फडक्याच्या रेषेत झाल्या. ओटी कमरेला बांधू लागले आणि डावी बाजू शांत झाली. तुमची गाठ दर वेळी एकाच जागी होत असेल तर त्या जागेवर काय काचतं ते आधी शोधा: ब्लाऊजची शिवण, ब्राची तार, मंगळसूत्राची वाटी, झोपताना खाली येणारी बाजू.

बाळ नीट धरत नसेल तरीही गाठ परत परत येते. त्याचं तोंड मोठं उघडलेलं हवं, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि नुसतं स्तनाग्र नाही तर भोवतीचा काळा भागही बराचसा तोंडात. पाजताना टोचत राहतं, पाजून झाल्यावर स्तनाग्र चपटं नाहीतर पांढरं दिसतं, चिरा पडतात, यातलं काही असेल तर आधी धरणं सुधारायला हवं. मलम नंतर.

आज गाठ आहे, तर आज रात्री काय कराल

त्याच बाजूनं पाजत राहा. गाठीचं दूध बाळाला बाधत नाही. पण गाठ फोडायची म्हणून दर अर्ध्या तासाला पाजू नका, बाळाला भूक लागेल तेव्हा पाजा. काळा भाग इतका ताठ झाला असेल की बाळाला धरताच येत नाही, तर आधी हातानं थोडं दूध काढून तो मऊ करा.

पाजून झालं की गार शेक. फ्रीज असेल तर बर्फाचे खडे फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. नसेल तर माठाच्या पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं ठेवा आणि गरम झालं की बदला. पत्ताकोबीचं पानही चालतं. ते स्वच्छ धुऊन गार करून घ्या, मधली जाड शीर काढा, ब्लाऊजच्या आत ठेवा आणि कोमेजलं की फेका. फुगलेल्या छातीचं दुखणं त्यानं कमी होतं, आणि आठवडी बाजारात कोबी मिळतेच.

मालिश करायचीच असेल तर मांजरीच्या पाठीवरून हात फिरवावा तेवढ्याच जोरानं, स्तनाग्रापासून काखेकडे आणि गळ्याच्या हाडाकडे. तिकडे फिरवलं की सुजेचं पाणी ओसरायला मदत होते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन अंगावर पाजणाऱ्या आईला घेता येतं, फक्त पित्ताचा, अल्सरचा किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. आणि दुसऱ्या दिवशी वेचणीला जाऊ नका. एका दिवसाची मजुरी बुडते, मला माहीत आहे ती किती लागते, पण दुसऱ्यांदा ताप चढला तेव्हा माझे सलग पाच दिवस बुडाले होते.

वावरात दूध कसं काढायचं

माझ्या गाठी खऱ्या अर्थानं थांबल्या त्या इथे. दिवसातून दोनदा, एकदा अकराच्या सुमारास आणि एकदा जेवण झाल्यावर दोनला, कपाशीच्या पराट्यांच्या आडोशाला नाहीतर धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसायचं आणि हातानं दूध काढायचं. पूर्ण रिकामं करायचं नाही. छाती ताठ होती ती मऊ लागली की थांबायचं. दर वेळी दहा मिनिटं पुरतात.

हात धुण्याचं पाणी आणि साबणाची वडी सोबत ठेवा, कारण कपाशीवर फवारणी झालेली असते. अंगठा वर आणि पहिली दोन बोटं खाली, स्तनाग्रापासून साधारण चार सेंटीमीटर मागे ठेवा. आधी सरळ छातीच्या पिंजऱ्याकडे दाबा, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणा, मग सोडा. दाबा, आणा, सोडा. बोटं कातडीवरून घासायची नाहीत आणि स्तनाग्र ओढायचं नाही. पहिला मिनिटभर काहीच येत नाही. घाबरू नका, लेकराचा चेहरा आठवा, धार लागते. मग बोटं फिरवत सगळ्या बाजूंनी काढा.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा जमिनीवर पडलेलं दूध पाहून मला रडू आलं होतं. पण त्या दिवशी घरी गेले तेव्हा छाती मऊ होती.

सोबतच्या बाया एकदा समजल्या की आडोसा धरतात. आमच्यातली एक म्हणाली, “जाय वं, तुही ओळ मी घेतो तवरिक.” मालकिणीलाही आधीच सांगून ठेवा, लपवू नका. रोजगार हमीच्या कामावर असाल तर तिथला नियम विचारून घ्या: बायांसोबत बरीच लहान मुलं कामावर आलेली असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायची तरतूद आहे का. लेकरू जवळ असेल तर दूध काढायचा प्रश्नच राहत नाही.

कोणती वस्तू घ्यावी, कोणती नाही

सगळ्यात आधी ब्लाऊज. नवीन शिवायची गरज नाही. जुन्याच ब्लाऊजच्या दोन्ही बाजूंना काखेखाली तीन-चार बोटं रुंद पट्टी घालून घ्या, हूक समोर घ्या. गावातला शिंपी अर्ध्या तासात करून देतो. बाळंतिणीसाठी पुढून उघडणाऱ्या बिनतारेच्या ब्रा मिळतात, त्या चांगल्या, फक्त संध्याकाळच्या फुगलेल्या मापाच्या घ्या.

मेडिकलमध्ये एक स्वस्त पंप मिळतो, काचेची नळी आणि तिला मागे रबरी फुगा. तो घेऊ नका. मी घेतला होता. फुगा सोडला की एकदम जोरात ओढतो, आणि ओढ किती ठेवायची ते आपल्या हातात राहत नाही. दूध फुग्यात शिरतं आणि आतून धुता येत नाही. माझ्या स्तनाग्राला त्यानं चीर पडली.

हातानं दांडा दाबायचा पंप बरा. वीज लागत नाही, सगळे भाग सुटे होतात, उकळता येतात. घेताना तोंडाच्या फनेलचं माप पाहा. पेटीत बहुतेक 24 मिलीमीटरचं असतं आणि ते सगळ्यांना बसत नाही. दूध काढताना स्तनाग्र नळीत मोकळेपणानं पुढे-मागे हलायला हवं. ते कडेला घासत असेल तर माप लहान, काळा भागही आत ओढला जात असेल तर मोठं. विजेचा पंप आमच्याकडे लोडशेडिंगमुळे भरवशाचा नाही, आणि रोज दूरच्या नोकरीला जाणाऱ्या बाईलाच तो परवडतो. पंप कुठलाही असो, लागेल तेवढंच काढा. हौसेनं जास्त काढत गेलात तर शरीर जास्त बनवतं आणि गाठींचा फेरा नव्यानं सुरू होतो.

दूध गळतं म्हणून विकतचे पॅड घेण्यापेक्षा जुन्या सुती धोतराच्या चार पदरी गोल घड्या शिवा. डझनभर करा, ओल्या झाल्या की लगेच बदला, उन्हात वाळवा. आत प्लॅस्टिक असलेले पॅड उन्हात काम करणाऱ्या बाईनं टाळावेत, घामानं कातडी ओली राहते.

स्तनाग्राला चिरा असतील तर पाजून झाल्यावर आपल्याच दुधाचा थेंब लावून वाऱ्यावर वाळू द्या. शुद्ध लॅनोलिनचं मलम मिळतं, ते पाजण्याआधी पुसावं लागत नाही. रात्री लावायला चांगलं. स्तनाग्रावर घालायचं सिलिकॉनचं टोपण मात्र आपल्या मनानं घेऊ नका. चुकीच्या मापाचं असेल तर दूध पुरतं निघत नाही, आणि त्यानंही गाठी होतात.

दुधाची बाटली घेऊ नका. बाटलीचं निप्पल चोखायची सवय लागली की काही बाळं छाती धरताना कुरकुर करतात, आणि चुलीवर स्वयंपाक होणाऱ्या घरात बाटली रोज नीट उकळणं होत नाही. 1992 च्या कायद्यानं आपल्या देशात बाटली आणि डब्याच्या दुधाची जाहिरात करायला, आईला फुकट नमुना द्यायला बंदी आहे. कोणी तसा डबा हातात ठेवला तर हे लक्षात असू द्या. घरात आजीच्या काळचं बोंडलं (चोचीची लहान वाटी) असेल तर ते वापरायला काढा. ते नसेल तर स्टीलची लहान वाटी आणि चमचा. बाळाला मांडीवर जरा उठतं धरा आणि खालच्या ओठाला वाटीची कड टेकवा. ते स्वतः जीभ बाहेर काढून पितं, ओतायचं नाही.

सकाळी काढून ठेवलेल्या दुधाचं

निघण्याआधी बाळाला पाजा आणि मग एका बाजूचं दूध उकळलेल्या, झाकणाच्या स्टीलच्या डबीत काढा. बाहेर ठेवलेलं दूध 25 अंशांपर्यंतच्या गारव्यात चार तास चालतं. थंडीत आमच्या घराच्या आतल्या खोलीत सकाळी तेवढा गारवा असतो. मार्चनंतर नसतोच, तेव्हा बाहेर ठेवायचंच नाही. फ्रीजमध्ये मागच्या बाजूला चार दिवस टिकतं. वीज गेली तर दार उघडू नका. फ्रीज नसेल तर शेजारणीच्या फ्रीजमधून गोठवलेल्या बर्फाच्या पिशव्या आणून जाड थर्मास-डब्यात त्यांच्यामध्ये डबी ठेवा, बर्फ गोठलेला राहील तोवर, म्हणजे फार तर चोवीस तास ते चालतं.

वर साय आली, दुधाचे थर फाटल्यासारखे वेगळे दिसले तर ते नासलेलं नाही, डबी हलकेच फिरवा. गॅसवर तापवायचं नाही, कोमट पाण्याच्या भांड्यात डबी धरायची. बाळाचं उष्टं राहिलेलं दोन तासांनी टाकून द्यायचं. सासूबाईंना मी डबीवर वेळ लिहून देत होते, त्यांना वाचता येत नाही म्हणून मग घड्याळाचं चित्र काढू लागले.

वावरात काढलेलं दूध मात्र मी जपायचा प्रयत्न सोडून दिला. दुपारच्या उन्हात ते ठेवण्यासारखं राहत नाही.

खाण्याबद्दल थोडंच. अळिवाची खीर, मेथीचे आणि डिंकाचे लाडू, बाळंतशेपा हे सगळं खा, अंगाला ताकद येते. पण दूध वाढतं ते जास्त वेळा पाजल्यानं आणि काढल्यानं. गाठ होत असताना दूध वाढवायची पावडर घेऊ नका. पाणी तहान लागेल तसं प्या, वावरात बाटली जवळच ठेवा.

कधी दवाखाना गाठायचा

ताप 101 च्या पुढे गेला, छातीवर लालसर पट्टा पसरत चालला, थंडी वाजून अंग मोडून आलं, किंवा वरचं सगळं करूनही चोवीस तासांत उतार नाही, तर सरकारी दवाखान्यात जा. डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा की बाळ अंगावर पितं, म्हणजे ते तसं औषध देतील. गोळ्या सुरू झाल्या म्हणून पाजणं थांबवू नका, आणि दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून गोळ्याही मध्येच सोडू नका. मी पहिल्या तापाला सोडल्या होत्या. पाजणं एकदम बंद केलं तर दूध आणखी साचतं आणि पू व्हायची भीती वाढते.

गाठ मधोमध पिलपिली झाली आणि ताप हटत नाही, तर आत पू असू शकतो. सोनोग्राफी करून सुईनं काढतात, बहुतेक वेळा मोठी चीर द्यावी लागत नाही. घरी सुई टोचू नका. स्तनाग्राच्या टोकाला दुधाचा पांढरा ठिपका दिसला तर तोही सुईनं फोडू नका.

आणि एक गाठ अशी असते जी पाजल्यावर लहान होत नाही, दुखतही नाही, दोन आठवडे झाले तरी तिथेच असते. ती दुधाचीच असेल असं समजून बसू नका. अंगावर पाजत असतानाही सोनोग्राफी करता येते. आमच्याकडच्या बाया ‘पोरगं सोडलं की पाहू’ म्हणत वर्ष काढतात. ही एक गाठ त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, वेचणी कितीही राहिली असली तरी.